निरोप्या पाणी मागतो

कालिम्नोसच्या रात्रशाळेत मंगळवारी शोकांतिका असते.
थेमेलिनाबाई फळ्यावर डोंगर काढतात:
चढण, शिखर, उतार.
पायथ्याशी 'प्रारंभ', टोकावर 'उत्कर्षबिंदू'.
मी बासष्ट वर्षांचा, निवृत्त पोस्टमन,
खडूच्या त्या ठिपक्याकडे बघत मनात म्हणतो,
बाई, हा चढ मी पायी चढलोय, पिशवीसकट.

नाटक तसं साधं आहे.
राजा शत्रूच्या धास्तीनं बंदराच्या तोंडावर साखळी ताणतो.
त्याच रात्री मुलगा परततो,
दिवे विझवून, बापाला चकित करायला.
बस्स. बाकी सगळं बोलणं.

पहिल्याच प्रवेशात पहारेकरी साखळीचा गंज खरवडतो
आणि म्हणतो, 'हात लाल झाले.'
'ही पूर्वसूचना,' बाई म्हणतात. 'अधोरेखित करा.'
पेट्रोलपंपावरून थेट आलेला मिकेस
दोन रेघा मारतो आणि डुलकी घेतो.

'मृत्यू रंगमंचावर का दाखवत नाहीत?'
नोमिकी म्हणते, 'रक्त पुसत कोण बसणार?'
बाईही हसतात,
मग पुस्तकातलं उत्तर सांगतात, आम्ही उतरवून घेतो.

मग येतो निरोप्या.
सगळ्यात लांब भाषण त्याचं,
आणि पात्रांच्या यादीत त्याला नाव नाही.
तो आधी पाणी मागतो.
मग सांगतो, समुद्र शांत होता, चांदणं पडलं होतं,
डोलकाठीवर एक पक्षी बसला होता...
एकवीस ओळी, मी मोजल्या,
बुडण्याचा शब्द यायच्या आधी.
'हा विलंब कशासाठी?'
'उत्कंठा,' मिकेस झोपेतून.

मी हात वर केला नाही.

आमचे पाणबुडे स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचे,
सहा-सहा महिने,
आणि एखाद्याच्या जागी माझ्या पिशवीत
घडी घातलेला कागद यायचा.
मीही दारात उभा राहून शेळीची चौकशी करायचो,
अंजिराला यंदा फळ कसं आहे, विचारायचो.
उत्कंठेसाठी नव्हे, बाई.
मी अंजिराबद्दल बोलत होतो
तोवर त्या घरातला माणूस जिवंत होता.

एकदा एक तार मी रात्रभर दिली नाही.
त्या घरी मुलीची सोयरीक, सगळी गल्ली अंगणात.
प्रेक्षकांना ठाऊक, पात्राला नाही,
तो नाट्यात्म उपरोध. वहीत लिहिलंय मी.
इथं प्रेक्षक मी एकटाच,
आणि मलाच हाताला धरून नाचात ओढलं.
नाचलो.
सकाळी तार दिली, तारखेवर अंगठा ठेवून.
छत्तीस वर्षं झाली. कुणाला बोललो नाही.

'अभिज्ञान,' बाई फळ्यावर लिहितात.
'राणीला सत्य नेमकं कोणत्या ओळीत कळतं?'
नोमिकी पानं उलटते.
ओळ एकशे चौदा, निरोप्या मुलाचं नाव घेतो तिथं.

मागच्या बाकावरून कालोतिना बोलते,
सहीपुरतं शिकायला आलेली, आता नाटकापर्यंत पोचलेली,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली:
'नाही. तो पाणी मागतो ना, तिथंच.
राणी उठत नाही, दासीला पाठवते, बघा.
पायच उरले नसतील तिला.'

बाई पान मागे उलटतात. बराच वेळ वाचतात.
'परीक्षेत मात्र,' म्हणतात, 'एकशे चौदाच लिहा.'

जिन्यावर दिवा नव्हता.
कालोतिना कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.
'स्केव्होस,' म्हणाली, 'तुला नाच कधीच आला नाही.
त्या रात्री तू एकही पाऊल चुकला नाहीस.'

खालून समुद्राचा वास येत होता, डिझेल मिसळलेला.

'म्हणून मी वाजवणाऱ्यांना
आणखी तासभर थांबवून घेतलं.'

मग दारापाशी पोचल्यावर,
'उद्या वही आण तुझी.
मला ते वृत्त ओळखणं काही केल्या जमत नाही.'